साकु म्हणणारी बरणी

आमच्या घरात इन्व्हर्टरशेजारी शेंगाचटणीची एक बरणी आहे. तिच्यात चटणी नाही. झाकणाला भोकं पाडून दोन तारा आत गेल्या आहेत, दोन बाहेर आल्या आहेत आणि बाजूला दारावरच्या बेलला असतं तसं पांढरं बटण आहे. लाइट गेली की बराच वेळ ती गप्प बसते. मग एकदम टेम्पो मागं घेताना वाजतं तसलं संगीत तिच्यातून सुरू होतं. नवा पाहुणा असला तर तो खिडकीतून खाली डोकावतो, कोण गाडी लावतंय म्हणून. माझी बायको हातातलं काम न थांबवता म्हणते, "काही नाही, अप्पा बोलले."

अप्पा म्हणजे जुळे सोलापुरातले माझे घरमालक. मी केम गावाहून नोकरीसाठी सोलापुरात आलो तेव्हा एकटा होतो, आणि त्यांच्या घराची वरची खोली मला मिळाली. घरमालक जे प्रश्न विचारतात त्यातला एकही त्यांनी विचारला नाही. गाव नाही, पगार नाही, जेवणाखाण्याचं नाही. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी विचारलं, "मोबाइल कधी चार्जिंगला लावता?"

मी खरं ते सांगून टाकलं. "बंद पडला की."

अप्पांनी डोळेच मिटून घेतले. खोली गेली असं मी समजलो. तेवढ्यात जिन्याच्या खालून त्यांच्या बायकोचा आवाज आला. त्यांना सगळी गल्ली अव्वा म्हणायची. "देऊन टाका हो खोली. शिकंल की हळूहळू." मी राहायला गेलो आणि त्याच आठवड्यात शिकवणी सुरू झाली.

संध्याकाळी लाइट गेली होती. गल्लीतल्या सगळ्या घरांत इन्व्हर्टरवर दिवे चालू होते, आमच्याही. मी भात टाकला होता. एकदम कट् असा आवाज झाला आणि फक्त आमचं घर अंधारात बुडालं. मी चाचपडत खाली गेलो आणि म्हणालो, "अप्पा, इन्व्हर्टर मेला वाटतं."

"मेला नाही, थांबलाय," अंधारातून अप्पा शांतपणे म्हणाले. "मेलेलं वेगळं आणि थांबलेलं वेगळं. साकु म्हणाला बघ."

अप्पांचं मूळ घर अक्कलकोटच्या बाजूचं, त्यामुळं घरात निम्मं बोलणं कानडी. साकु म्हणजे पुरे. त्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटरीच्या मध्ये आपली स्वतःची एक डबी बसवली होती. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली उतरली की ती डबी कट् करून तार तोडायची. ही सोय इन्व्हर्टरमध्ये आधीच असते. पण कंपनीची सोय फार उशिरा बोलते, असं अप्पांचं मत. डबी शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत केलेली. उन्हाळ्यात ती तापली की खोलीभर लसणाचा वास सुटायचा.

नोकरीभर अप्पा एका टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये होते. गुडघ्याएवढ्या उंच बॅटऱ्यांच्या रांगा, आणि त्या कधी तळाला जाऊ द्यायच्या नाहीत, एवढंच त्यांचं काम. एकदा ते रजेवर असताना बदली माणसाने एक अख्खी रांग रिकामी होऊ दिली आणि तशीच ठेवली. आत पत्र्यांवर पांढरा थर बसला. मग कितीही चार्ज करा, ती रांग पहिल्यासारखी उभी राहिली नाही. ही गोष्ट अप्पा सांगायचे तेव्हा घरातलं कुणी गेल्याचं सांगतायत असं वाटायचं. "बॅटरी वापरून मरत नाही तम्मा," ते मला म्हणायचे. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "तळाला नेऊन मरते. आणि तळाला ठेवून तर नक्कीच मरते."

एवढ्यावर थांबले असते तर माणूस हुशार म्हणून सोडून दिला असता. पण अप्पांनी सगळ्या जगालाच ती डबी बसवली होती. जेवताना शेवटचा घास ताटात ठेवून उठायचे. अव्वा तो घास कावळ्याला टाकायच्या आणि म्हणायच्या, "त्याचं नशीब बघा, रोज माझ्या हातचं खातोय." चहाचा शेवटचा घोट कढीपत्त्याच्या कुंडीला. क्रिकेटचा सामना शेवटच्या षटकांत आला की ते टीव्ही बंद करायचे. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायचे. फोनवर समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असताना "साकु, साकु" म्हणून ठेवून द्यायचे. त्यांचे स्वतःचे मेहुणेही त्यातून सुटले नव्हते.

मला ह्या माणसाचं भारी कुतूहल होतं. हे नुसतं खूळ आहे की त्याच्या मागं काही हिशेब आहे, ते कळायचं नाही. एकदा त्यांना ताप आला. औषधाने दुपारी उतरला, चेहऱ्यावर तरतरी आली. मी म्हणालो, "चला, बरं वाटतंय तर बाहेर पारावर बसू." तर म्हणाले, "ही खोटी उभारी. बॅटरीवरचा भार काढला की तिचा आकडा लगेच वर चढतो. आपल्याला वाटतं भरली. परत भार टाक, लगेच बसते. म्हणून माझी डबी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. नीट चार्ज होईस्तोवर परत जोडतच नाही." आणि आणखी दोन दिवस ते पडून राहिले. ते बरोबर होते, कारण संध्याकाळी ताप परत चढला.

त्यांच्याकडं एक जुनी बॅटरीवरची स्कूटर होती. तिलाही बरणी बसवलेली. निम्मी बॅटरी संपली की ती गाडी एकदा बंद पाडायची, आणि अप्पा कुठंही असोत, परत चालू करून तिथूनच घरी वळायचे. मी एकदा मनातल्या मनात नकाशा काढून बघितला. अप्पांचं जग म्हणजे घराभोवतीचा एक गोल होता. नवी पेठ त्यात होती, स्टेशन होतं, विजापूर रोडची थोडी रेघ होती. अक्कलकोट नव्हतं. आणि अव्वांची धाकटी बहीण अक्कलकोटला. अव्वा एसटीने एकट्या जाऊन यायच्या. अप्पा एसटीत बसायचे नाहीत, कारण दुसऱ्याच्या टाकीत किती आहे हे आपल्याला दिसत नाही. बहिणीच्या मुलीच्या लग्नालासुद्धा ते गेले नाहीत. "लाइट कशी असते तिकडं, कोण जाणे," असं काहीतरी पुटपुटले. अव्वा एकट्याच जाऊन आल्या. पण त्यानंतर त्या अक्कलकोटहून परत यायच्या तेव्हा तिकडच्या गोष्टी सांगायच्या नाहीत, नुसती पिशवी ठेवून स्वयंपाकाला लागायच्या. ते मला खटकायचं.

पाण्याची टाकीही त्यातलीच. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळं टाकी म्हणजे घरातला देव. अप्पांनी आतला पाइप असा उंचावर बसवला होता, की पाव टाकी शिल्लक असतानाच नळ कोरडे पडावेत. अंगाला साबण लावलेला असताना मी एकदा ओरडलो होतो, "अप्पा, टाकीत पाणी आहे की!"

"ते राखीव आहे."

"कशासाठी राखीव?"

"वापरलं तर राखीव कसलं?" खालून उत्तर आलं. अव्वांनी गुपचूप मागचा कॉक फिरवून मला बादलीभर पाणी दिलं. तो कॉक घरात फक्त त्यांनाच माहीत होता.

त्याच कॉकमुळं मेंढरंवाली मावशी आमच्या घरात आली. जुळे सोलापूर जिथं संपतं तिथं काळी रानं सुरू होतात. सुगी झाली की सांगोल्याकडची धनगर कुटुंबं मेंढरं घेऊन यायची. शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. त्यातली ही मावशी घागर घेऊन पाणी मागायला आली होती. अव्वांनी तिला राखीव पाणी दिलं. तिच्या दुसऱ्या हातात बॅटरी होती. अप्पांनी पाण्याकडं बघितलं नाही, बॅटरीकडं बघितलं. "ही कुठं निघाली?"

"टाकून द्यायला," मावशी म्हणाली. "दर सालाला नवी लागतीया. रातभर दिवा लावतो मेंढराभवती, लांडग्याच्या भ्यानं. दिसभर पत्र्यावर चारजिंग, रातभर दिवा. तरी मरतीया की वो."

घोड्याच्या पाठीवर त्यांचं सगळं बिऱ्हाड, त्यातच एक सोलरचा पत्रा. रात्री मेंढरांभोवती जाळीचं कुंपण घालायचं, त्याला वाघर म्हणतात, आणि मधोमध काठीला गाडीचा एक लहान बल्ब. तो रोज उजाडेपर्यंत, बॅटरी पार रिकामी होईस्तोवर जळायचा. बॅटरीला काय झालंय ते अप्पांना क्षणात कळलं. ते इतके खूश झाले, की मावशीला त्यांनी ओट्यावर बसवून घेतलं आणि सगळी विद्या सांगितली. तिने घागर मांडीवर धरून सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हंजी ह्यो डबा तिला मरू देत न्हाई म्हना की."

"बरोब्बर!" अप्पा म्हणाले. तिच्यासाठी त्यांनी जुन्यातून एक बरी बॅटरी काढली आणि नवी बरणी जोडून दिली. मावशी डोक्यावर घागर, हातात बॅटरी आणि काखेत बरणी घेऊन गेली, तेव्हा अप्पा फाटकापर्यंत पोचवायला गेले होते.

पुढचे काही आठवडे ते तिची आठवण काढायचे. मावशी पाण्याला यायची तेव्हा आधी बॅटरीची खुशाली विचारायची पद्धतच पडली. "लई झ्याक हाय," ती म्हणायची. मग दोन दिवस आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं मळभ. तिसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो होतो आणि मावशी फाटकात उभी होती. हातात घागर नव्हती. तिने ती चटणीची बरणी ओट्यावर ठेवली.

"तुमची बॅटरी ठणठणीत हाय, अप्पा," ती म्हणाली. "माजी दोन कोकरं न्हाईत."

अप्पांना समजेना. मलाही समजलं नव्हतं. तिनेच सांगितलं, आवाज न चढवता. "ह्यो डबा यायच्या आदी रोज दिवा पिवळा पडाय लागला, की आमचा म्हातारा उटायचा. शेकोटी पेटवायचा आन् उजाडंस्तवर काठी घिऊन बसायचा. काल त्यानं डोकं वर करून बघितलं, तर दिवा पांढराफेक. म्हटला, हाय की अजून दम. निजला. मंग कवा इजला, कुनालाच कळलं न्हाई. कुत्री वरडाय लागली तवा लांडगं वाघरीत आलतं."

"पिवळा झालाच नाही?" अप्पांनी विचारलं.

"तुमीच सांगा की," मावशी म्हणाली.

एरवी भरलेली बॅटरी उजाडेस्तोवर पुरायची, पण दोन दिवस पत्र्याला ऊन मिळालं नव्हतं. बॅटरी अर्धवट भरलेली. बरणीने आपलं काम चोख केलं होतं. पातळी आली, कट्. उजेड पूर्ण असताना एकदम अंधार. अव्वा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मावशीला पाणी दिलं, चहा दिला, तिने दोन्ही घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, "आमी उद्या हालनार. वळसंगाच्या पल्याड एकाच्या रानात मेंढरं बसवायची हाईत. तितनं मंग माघारी सांगोल्याला." बरणी तिथंच ओट्यावर राहिली.

त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत. म्हणजे एक घास ठेवून उठले असं नाही, ताटावर बसलेच नाहीत. दुपारी मी लवकर आलो तर ते पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले होते. समोर एक जुनी बॅटरी, तिला थेट जोडलेला गाडीचा लहान बल्ब, मावशीचा होता तसाच. मध्ये बरणी नव्हती.

"काय करायलाय अप्पा?"

"बघायलोय," ते म्हणाले. "एवढ्या वर्षांत मी हे कधी बघितलंच नाही."

मी शेजारी पायरीवर बसलो. ऊन उतरलं, संध्याकाळ झाली, अव्वा दिवा लावून बाहेर आल्या. बल्ब पांढरा होता. मग त्याच्या कडेला लोण्यासारखा पिवळेपणा आला. मग पिवळा, मग नारिंगी. अप्पा खुर्चीच्या टोकावर आले. त्यांना दुःख होत असेल असं मला वाटत होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर निराळंच काही होतं. लहान मुलाला पहिल्यांदा आगगाडी दाखवावी तसे ते बघत होते. शेवटी बल्बमधली नुसती तार लालसर दिसत राहिली, किती तरी वेळ.

"बघ, कसं सांगायलाय," अप्पा हळू आवाजात म्हणाले. "मी संपत आलोय, मी संपत आलोय, असं सारखं सांगायलाय. आणि मी काय केलं तम्मा? तिच्या दिव्याचं हे सगळं बोलणंच कापून टाकलं."

अव्वा म्हणाल्या, "आता बॅटरी मेली ना ही?"

"मेली," अप्पा म्हणाले. पण लगेच उठून त्यांनी तिला चार्जिंगला लावलं. सवय ती सवय.

नंतरचे दिवस अप्पांच्या घरात लसणाचा आणि जळक्या तारेचा वास होता. ते नवी पेठेत जाऊन वाजणारं काहीतरी शोधून आले. त्यांना साधी घंटी हवी होती, मिळाली टेम्पोच्या रिव्हर्स गियरची. नव्या बरणीची रीत अशी होती. बॅटरी पातळीजवळ आली की ती आधी दिवा मंद करायची. मग ते संगीत वाजवायची. मग थोडी वाट बघायची. तेवढ्यात कुणी बटण दाबलं तर ती तार तोडायचीच नाही, बॅटरीला खुशाल तळापर्यंत जाऊ द्यायची. मला ह्या बटणाचं फारच नवल वाटलं. अप्पांनी आयुष्यभर जे होऊ दिलं नाही, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने दार केलं होतं. एक बरणी मावशीसाठी आणि एक, माझ्यादेखत, त्यांनी स्कूटरला बसवली.

रविवारी सकाळी ते मला म्हणाले, "तम्मा, मागं बस. आज ती माणसं हलली तर परत कुठं गाठणार?" माझी मोटारसायकल तेव्हा गावी भावाकडं होती. मी एसटीचं सुचवून बघितलं. "चालत्या एसटीतून मेंढरं शोधणार?" त्यांनी विचारलं. मी मागं बसलो.

आम्ही अक्कलकोट रोडला लागलो. जुनी गाडी, वर आम्ही दोघं, समोरून वारा. वळसंग जवळ आलं आणि अप्पांच्या पायाजवळून टेम्पोचं संगीत सुरू झालं. निम्मी संपली होती. अप्पांनी गाडी कडेला घेतली. दोन्ही पाय खाली टेकून ते समोर बघत बसले. मागं घर होतं, तिथपर्यंतचा हिशेब पक्का. पुढं कुठल्या तरी रानात मेंढरं होती, असली तर. संगीत वाजतच होतं. रस्त्याने जाणारा एक माणूस आम्ही मागं येतोय असं समजून बाजूला झाला.

मला वाटलं, आता साकु म्हणतील आणि वळतील.  अप्पा खाली वाकले आणि त्यांनी बटण दाबलं. संगीत थांबलं, गाडी चालूच राहिली. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले आणि ती सरळ पुढं सोडली.

मेंढरं वळसंगच्या बऱ्याच पलीकडं, आत रानात सापडली. विचारत विचारत, बांधांवरून गाडी उडवत आम्ही गेलो. मावशी घोड्यावर सामान बांधत होती. आम्हाला बघून तिने हात थांबवला, पण या म्हणाली नाही. अप्पा तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कोकरं माझ्यामुळं गेली," ते म्हणाले.

मावशीने जरा विचार केला. "लांडग्यानं नेली," ती म्हणाली. "तुमी आमाला बिनघोर निजवलं, येवढंच. मेंढरामागं बिनघोर निजून चालत न्हाई, अप्पा."

अप्पांनी पिशवीतून बरणी काढली. ती बघून मावशी एक पाऊल मागं सरली. "नगं. म्हाताऱ्याला पिवळा दिवा कळतोय, त्येच बरं हाय."

"पिवळाच होणार," अप्पा म्हणाले. "बघ तरी."

पण डोक्यावर ऊन. दिवा पेटलाय की नाही तेही दिसेना. मग मावशीने घोंगडी ओढली आणि आम्ही तिघांनी, मी, अप्पा आणि ती, बल्ब मध्ये धरून डोकी घोंगडीत खुपसली. आत लोकर आणि घामाचा दाट वास होता. अप्पांनी मुद्दाम संपत आलेली एक लहान बॅटरी आणली होती. बल्ब पांढरा होता. आम्ही वाट बघत बसलो. बाहेर म्हातारा कुणाला तरी विचारत होता, "काय बगत्यात वो हितं?" मग बल्ब एका दमात पिवळा झाला.

"व्हय, व्हय!" मावशी घोंगडीतच ओरडली. "आत्ता बोलला बगा!"

आणि लगेच टेम्पोचं संगीत वाजायला लागलं. बाहेर मेंढरं उधळली, कुत्री भुंकायला लागली. मावशी डोकं बाहेर काढून इतकी हसली, की तिला खाली बसावं लागलं. "लांडगं बी पळंल की वो ह्येला भिऊन." मग हसू आवरून तिने बटणावर बोट ठेवलं. "ह्ये कशाला?"

"कधी आभाळ असलं, लांडगा जवळ असला, तर दाब. दिवा शेवटपर्यंत जळेल. बॅटरी मरेल कदाचित," अप्पा म्हणाले. "ते तू ठरवायचं. मी तिथं नसतो."

मावशीने बरणी हातात फिरवून बघितली, पदराने पुसली आणि घोड्यावरच्या सामानात, पातेल्याच्या आत, नीट ठेवली. अप्पांनी मोठा श्वास सोडला. मी त्यांना इतकं मोकळं कधी बघितलं नव्हतं.

परतीला आमची गाडी वळसंगपर्यंतही आली नाही. आधी चढाला कुरकुरली, मग सपाटीवर सायकलवाल्याने आम्हाला मागं टाकलं, मग ती अगदी हळू, पायी चालल्यासारखी चालली आणि एका बाभळीपाशी उभी राहिली. मी घाबरून अप्पांकडं बघितलं. ते मीटरवर वाकले होते.

"शून्य असं दिसतं होय!" ते म्हणाले. "मला वाटायचं, शून्याला काहीतरी भयंकर होत असणार. काही नाही की. सांगत सांगत येते आणि थांबते."

त्यांनी अव्वांना फोन लावला. पलीकडून अव्वांचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. सगळी हकीकत ऐकून त्यांनी एकच प्रश्न विचारला. "मेलात की थांबलात?"

"थांबलोय," अप्पा म्हणाले. आणि समोरून बोलणं संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही.

आम्ही बाभळीखाली बसलो. बऱ्याच वेळाने सोलापूरकडून एक रिक्षा आली, आमच्या गल्लीतलीच. आत अव्वा होत्या. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती आणि मांडीवर ती अक्कलकोटची पिशवी होती. अप्पा उठून धोतर झटकत पुढं झाले. "चला, घरी चला."

"घर मागं आहे," अव्वा म्हणाल्या. "बहीण पुढं आहे. निम्म्याच्या पुढं तर आलाच आहात तुम्ही." मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "अक्कलकोटला घे रे."

"अगं, साकु की आता," अप्पा म्हणाले. "आजच्यासाठी साकु."

अव्वांनी त्यांच्या छातीवर, सदऱ्याच्या वरच्या गुंडीवर, बोट ठेवून दाबलं. "दाबलं बटण," त्या म्हणाल्या. "आज ते मी ठरवणार."

अप्पांनी तोंड उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. माझ्याकडं बघितलं, गाडीकडं बघितलं, आणि अव्वांनी सरकून केलेल्या जागेत जाऊन बसले. रिक्षा हलली तसं त्यांना सुचलं. डोकं बाहेर काढून ते ओरडायला लागले, "तम्मा! आजच्या आज चार्जिंगला लाव! चार्जर सीटखाली आहे! रिकामी ठेवू नकोस तिला!"

अव्वांनी त्यांना दंडाला धरून आत ओढलं. मला इतका आनंद झाला होता, की गाडी ढकलायची आहे हेसुद्धा मी विसरलो. वळसंगात गिरणीवाल्याकडं प्लग मिळेल असं वाटत होतं. सीट उचलून चार्जर आहे ना बघितला, स्टँड काढला, आणि एकदा मागं वळून बघितलं. अप्पांनी स्वतःभोवती आखलेल्या गोलाच्या बाहेर, अक्कलकोटच्या रस्त्याला, रिक्षा लहान लहान होत चालली होती, आणि अप्पांचं डोकं परत बाहेर आलेलं नव्हतं.